अंत्युखियाची पंगत

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने एक अवघड प्रसंग नोंदवून ठेवला आहे. अंत्युखियाच्या मंडळीत पेत्र परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीला बसून जेवत असे. पुढे याकोबाकडून काही मंडळी आली आणि तो मागे सरला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी बंधू सरले, बर्णबादेखील सरला. पेत्राचे मत काही बदलले नव्हते. तो आपल्याच माणसांना भ्याला.

प्रियजनहो, हे भय जुने आहे. हजारो वर्षे माणूस लहान टोळ्यांतून राहिला. टोळीने टाकलेला मनुष्य फार दिवस जगत नसे. त्यामुळे आपल्यांना चिकटून राहण्याची ओढ आणि बाहेर पडण्याची धास्ती या दोन्ही त्याच्या अंगी मुरल्या, असे मानसशास्त्राचे अभ्यासक मानतात. हेन्री टाजफेल या यहूदी विद्वानाचे कुटुंब हिटलरच्या संहारात नाहीसे झाले होते. त्याने ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग 1970 साली प्रसिद्ध केले. पडद्यावरील ठिपक्यांच्या अंदाजावरून गट पाडले आहेत, असे मुलांना सांगितले होते. खरे तर ते कसेही पाडलेले होते. गटात आपल्याबरोबर कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, दुसऱ्यांना आणखी कमी मिळावे म्हणून पुष्कळदा आपल्या गटाचेही थोडे नुकसान पत्करले!

ठिपक्यांवरून जर हे होते, तर आडनावावरून काय होत असेल? महाराष्ट्राला वाळीत टाकण्याविरुद्ध 2016 साली कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण पंगतीतून हळूच मागे सरणाऱ्याला कोणता कायदा पकडणार?

आम्ही हे डोकमर्डीतून लिहीत आहो. सिल्वासा परिसरात कारखाने आले, तशी ठिकठिकाणची माणसे आली. वारली बांधव तर मूळचे इथलेच. आमच्या घरगुती प्रार्थनासभेला एक नवे कुटुंब येऊ लागले. पहिल्याच दिवशी आम्ही विचारले, "आडनाव काय? मूळचे कोणाकडचे?" प्रश्न साधा वाटतो; पण तो कशासाठी विचारतात हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. उत्तर ऐकून कोणी वाईट बोलले नाही. चहा दिला. फक्त त्यांच्या शेजारची चटई रिकामी राहिली. चौथ्या आठवड्यापासून ती मंडळी आली नाहीत.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. प्रार्थना झाली. बाईंनी ताटे मांडली आणि म्हणाल्या, "दादा, जेवूनच जा." आम्ही म्हणालो, "घरी जेवण झालं आहे." ते खोटे होते. त्यांनी आग्रह केला नाही, निमूटपणे एक ताट उचलून ठेवले.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहो. या खेपेस न जेवता जाऊ, आणि विचारतील की नाही याची धाकधूक आमच्या पोटात आहे.