कापता न येणारी किनार

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापड बाजारातून सुटिंगचा ताका बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या किनारीवर ठरावीक अंतराने उत्पादकाचे नाव छापलेले असते. ती जाहिरातच असते, पण तिच्याबद्दल कुणी कधी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. शिंपी बेतताना ती किनार बाजूला टाकतो, नाव चिंध्यांत जाते आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर त्याने पैसे मोजलेले कापड तेवढे उरते. सिनेमाची डीव्हीडी विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र अशी कात्री कुणी दिली नाही. तबकडी यंत्रात सरकवली की कंपनीचे बोधचिन्ह, मग येऊ घातलेल्या चित्रपटांच्या झलकी, मग एखादी साबणाची नाहीतर तेलाची जाहिरात, आणि ‘पुढे’चे बटण दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात आडवी रेघ मारलेले वर्तुळ. यंत्र बिघडलेले नसते, ते आज्ञा पाळत असते. मात्र ही आज्ञा ज्याने यंत्रही घेतले आणि तबकडीही घेतली, त्या माणसाची नसते.

१९९६ साली डीव्हीडीचे तांत्रिक मानक ठरले तेव्हाच ही सोय त्यात घालून ठेवलेली होती. चित्रणाच्या प्रत्येक तुकड्यासोबत काही खुणा नोंदवता येतात. हा तुकडा चालू असताना पुढे जाऊ द्यायचे की नाही, थांबवू द्यायचे की नाही, मेनूकडे वळू द्यायचे की नाही, हे त्या खुणा ठरवतात आणि मानकाप्रमाणे बनवलेले यंत्र त्या निमूट मानते. सोय मुळात वाईट नव्हती. कॉपीराइटची सूचना प्रेक्षकाच्या नजरेखालून जावी, हा तिचा सांगण्यासारखा उपयोग होता. आपल्याकडे तर अशा सूचनेला कायद्याचाच आधार आहे. कॉपीराइट कायद्यात १९८४ साली घातलेल्या कलम ५२अ नुसार व्हिडिओवर निघालेल्या चित्रपटात सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि मूळ हक्कदाराचे नाव-पत्ता दाखवावाच लागतो. हे सगळे काही सेकंदांत उरकते. पण एकदा दाराला कडी बसवली की ती कुणासाठी लावायची हे कडीवाला ठरवतो. सूचनेसाठी बसवलेली कडी जाहिरातीसाठी वापरायला सुरुवात झाली, आणि कायद्याने मागितलेल्या अर्ध्या मिनिटाच्या आडोशाला कुणीच न मागितलेली पाच मिनिटे येऊन बसली.

याचा भार कुणावर पडला ते पाहायचे तर सुरतेसारखे गाव नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून, ताप्ती लाइनच्या गाड्यांनी आलेली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा त्यांच्याच मुलांसाठी. मराठी सिनेमाचे मोजकेच खेळ इथे लागतात, त्यामुळे आपल्या भाषेतला चित्रपट घरी आणून पाहणे ही इथल्या मराठी घराची गरजच होती. आधी कॅसेट, मग दोन तबकड्यांत तोडलेली व्हीसीडी, मग डीव्हीडी. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाची फुरसत मोजून मिळालेली असते. तबकडी घेतात ती एकदा पाहून फेकायला नव्हे. पोरे पाहतात, गावाहून आलेले पाहुणे पाहतात, शेजारी मागून नेतात. सुरुवातीची न हटणारी जाहिरात तीन मिनिटांची धरा आणि तबकडी चाळीस वेळा लागली असे धरा, तर दोन तास झाले. म्हणजे अख्ख्या एका सिनेमाएवढा वेळ त्या घराने ज्याने मागितलाच नव्हता त्याला देऊन टाकला. ‘दोन-चार मिनिटांचे काय एवढे?’ असे विचारणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा. दूरचित्रवाणीवर तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिरात नको, असे केबल नियमावली सांगते. तबकडीला अशी कसलीच मर्यादा नव्हती.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप किमतीचा आहे. जाहिरातीमुळे तबकडी स्वस्त पडते, मग तक्रार कशाला? २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा हे म्हणणे अनेकांना पटण्यासारखे होते. पण ती स्वस्ताई मुख्यतः घाऊक उत्पादनाची होती. ही कंपनी जगातल्या मोठ्या तबकडी-उत्पादकांपैकी एक, आणि तिचा सामना पदपथावरच्या चोरट्या मालाशी होता. ते सोडले तरी, जाहिरातीने खरोखर किंमत उतरत असेल तर तो सौदा आहे, आणि सौदा म्हटला की दोन्ही बाजूंना अटी माहीत हव्यात. सुरतेचा व्यापारी दुय्यम माल ‘सेकंड’ म्हणून विकतो, कमी भावात विकतो आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असते. ‘सुरुवातीस चार मिनिटे जाहिरात, ती टाळता येणार नाही’ असे वेष्टनावर छापून दहा रुपये कमी घेतले असते तर या लेखाचे कारणच उरले नसते. तसे कुणी छापले नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन तबकडी लावेपर्यंत त्याला अट कळत नव्हती, आणि वेष्टन फोडलेली तबकडी दुकानदार परत घेत नाही. पसंत नसेल तर दुसऱ्याची घ्या, हा बाजाराचा नेहमीचा सल्लाही इथे लागू पडत नाही. साडी या दुकानात आवडली नाही तर पलीकडच्या दुकानात तशीच मिळते. एका चित्रपटाचा घरगुती हक्क मात्र एकाच कंपनीकडे असतो.

खरे म्हणजे तोच चित्रपट दुसरीकडे मिळतच होता, पदपथावर. आणि नेमकी तीच प्रत स्वच्छ असायची. चोरी करणारा नक्कल करताना सूचना, झलकी, जाहिराती सगळे काढून टाकतो आणि चित्रपट थेट सुरू होतो. ‘चोरी करू नका’ असे दरडावणारी फीत पाहायची वेळ यायची ती पावती घेऊन खरेदी करणाऱ्यावरच. प्रामाणिक गिऱ्हाइकाला चोरट्या गिऱ्हाइकापेक्षा हलका माल द्यायचा आणि पुन्हा चोरी वाढली म्हणून रडायचे, याला धंद्याची अक्कल म्हणवत नाही. कुलूप तोडणे बेकायदा नाही का, असेही विचारतात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तांत्रिक संरक्षण फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, हे खरे. पण ते संरक्षण कॉपीराइटमधल्या एखाद्या हक्कासाठी असले पाहिजे आणि फोडणाऱ्याचा हेतू त्या हक्काचा भंग करण्याचा असला पाहिजे, अशा दोन अटी त्याच कलमात आहेत. नक्कल न करू देण्याचा हक्क निर्मात्याला आहे. घरात बसलेल्या माणसाला साबणाची जाहिरात पाहायला लावण्याचा हक्क त्या कायद्याच्या कुठल्याही कलमात सापडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. सरकारही सक्तीने पाहायला लावतेच की! पडद्यावर तंबाखू दिसणार असेल तर चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्ये तीस-तीस सेकंदांचा इशारा दाखवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यातला मुकेश हराणे साऱ्या देशाच्या ओळखीचा झाला. तो भुसावळचा, सुरतेच्या मराठी वस्तीतल्या कितीतरी घरांच्या मुलखातला. गुटख्याने झालेल्या कर्करोगाने २००९ मध्ये वयाच्या २४व्या वर्षी तो गेला. तो इशारा नको म्हणणारा माणूस माझ्या मते चुकतो. पण त्या सक्तीमागे प्रसिद्ध झालेला नियम आहे, तिची लांबी ठरलेली आहे, तिच्यातून कुणाच्या गल्ल्यात पैसा पडत नाही आणि ती नको असेल तर न्यायालयात दाद मागता येते. यातले एकही साबणाच्या जाहिरातीला लागू नाही. तरी तिला लोकहिताच्या पाठीमागे लपायला आवडते. बंगळूरच्या ग्राहक आयोगापुढे २०२५ मध्ये हेच घडले. सिनेमागृहाने छापील वेळेनंतर सुमारे २५ मिनिटे जाहिराती दाखवल्या म्हणून एका प्रेक्षकाने तक्रार केली, तेव्हा सरकारी फिती दाखवणे आम्हाला भागच आहे, असा बचाव झाला. दाखवलेल्यातला बहुतेक भाग व्यापारी होता हे पाहून आयोगाने तो फेटाळला, भरपाई दिली आणि ग्राहक कल्याण निधीत एक लाख रुपये भरायला सांगितले. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली, त्यामुळे प्रश्न कायद्याने सुटला असे म्हणता येत नाही. पण वेळ हाही ग्राहकाचा पैसाच आहे, ही गोष्ट एका आयोगाने लेखी नोंदवली.

डीव्हीडी आता अडगळीत गेली, मग हे जुने गाऱ्हाणे कशाला, असे कुणी म्हणेल. तबकडी गेली, कडी मात्र मोबाइलमध्ये आली. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतातल्या वर्गणीदारांना जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असणाऱ्यांना महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे भरायला सांगितले. वर्गणी भरलेल्या माणसाला हे खटकणारच. तरीही तबकडीच्या काळापेक्षा ही एक पायरी बरी, कारण जाहिरात पाहण्यात गेलेल्या वेळाला किंमत असते हे इथे कंपनीनेच आकडा छापून मान्य केले. हाच आकडा तबकडीच्या वेष्टनावर कधी दिसला नव्हता.

मागणी म्हणून फार काही करायचे नाही. जाहिरात असू द्या. पैसे घेण्याआधी तिची लांबी सांगा, आणि पैसे देणाऱ्याच्या हातातले ‘पुढे’चे बटण चालू ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत तेरा प्रकार नावानिशी सांगितले. छुपी जाहिरात त्यांत आहे, वर्गणीचा सापळा आहे, सक्तीची कृतीही आहे. पण विकत घेतलेल्या करमणुकीच्या दारात उभी राहणारी, न हटणारी जाहिरात त्यांत नावाने नाही. चौदावा प्रकार म्हणून तिची भर घालायला संसदेची गरज नाही, प्राधिकरणाच्या टेबलावर पुरेशा तक्रारी मात्र हव्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे तक्रार मराठीतही घेतात.