शुश्रूषेचे देणे

आजारी मनुष्याची काळजी घेणे यास आपल्या भाषेत शुश्रूषा म्हणतात. हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. त्याचा मूळ अर्थ पाहू गेल्यास 'ऐकण्याची इच्छा' एवढाच निघतो; सेवा हा अर्थ त्यास मागाहून जडला. ज्याची सेवा करावयाची त्याचे आधी ऐकून घ्यावे, हा नियम जणू त्या एका शब्दात साठविलेला आहे. परंतु या सेवेचा भार कोणी वाहावा, आणि ती दया समजावी की देणे, या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात सापडत नाही. ते आपले आपणांसच शोधावे लागते.

आम्ही नाशिककर या बाबतीत भाग्यवान आहोत. घरात कोणास ताप भरला तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो; औषधाचे दुकान रात्रीही उघडे सापडते. सबंध राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच शहरी आहे. परंतु सावळ घाट ओलांडून सुमारे ५० किलोमीटरांवरील पेठेस, किंवा त्याहून पुढे सुरगाण्यास जावे, म्हणजे त्याच जिल्ह्यात दुसरे जग लागते. पावसाळ्यात ओढे भरले की पाड्यावरील बाळंतिणीस डोलीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. सरकारी नियमानेही हा भेद ओळखला आहे. सपाटीवर ५,००० वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र, तर डोंगराळ व आदिवासी मुलखात ३,००० वस्तीस एक, असे प्रमाण त्याने ठरविले. पण कागदावरील आकडा उतरला म्हणून डोंगराची चढण उतरत नाही.

मग इस्पितळे वाढविली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. इस्पितळे हवीतच, परंतु तेवढ्याने भागत नाही, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडच्या दुष्काळी भागात काम आरंभिले आणि गावातील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर जाऊन काळजी घेण्यास शिकविले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, जंतुदोषाची चिन्हे ओळखून वेळीच औषध देणे, एवढेच ते ज्ञान. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

हे कसे घडले? डॉक्टरास रोग ठाऊक असतो, पण घर ठाऊक नसते. परिचारिकेस उपचार ठाऊक असतो, परंतु तिच्या वाट्यास अनेक पाडे येतात. त्या घरची सासू कोणाचे ऐकते, चूल कोणत्या दिवशी पेटली नाही, हे शेजारच्या बाईसच कळते. या तिघांनी एकमेकांस कमी न लेखता काम वाटून घेतले, तेव्हा मूल वाचले. याचेच नाव सहकार्य होय.

येथवर कोणाचा मतभेद नसावा. खरी अडचण पुढेच आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने सुमारे १,००० वस्तीस एक 'आशा' नेमण्याचे ठरविले, आणि २०११ साली नवजात बालकांच्या भेटींचे काम तिजकडे सोपविले. बेचाळीस दिवसांत सहा भेटी, आणि त्या सर्वांचा मिळून मोबदला २५० रुपये, असा तेव्हाचा हिशेब. वेतन नव्हे, मोबदला. कारण ती नोकर नसून स्वयंसेविका मानली गेली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याच्या आधी २०२१ साली आणि नंतर २०२३ साली महाराष्ट्रातील आशांनी आपल्या मागण्यांसाठी संप केले. गौरव आणि संप यांच्यामधील ही जागा विचार करण्याजोगी आहे.

सेवेस पगार लावला की तिचे पावित्र्य जाते, असे आमच्यासारख्या सुखवस्तू घरांत सहज म्हटले जाते. यावर सावित्रीबाई फुल्यांचे उदाहरण देण्यात येते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करतानाच त्यांना त्या रोगाने गाठले व त्यांचा अंत झाला. त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु तो त्याग त्यांनी स्वेच्छेने केला होता. त्यांच्याकडे तो कोणी मागितला नव्हता. स्वतः दिलेला त्याग हे पुण्य खरे. दुसऱ्याकडून, तेही आपल्याहून गरीब स्त्रीकडून, वसूल केलेल्या त्यागास पुण्य कसे म्हणावे? रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण दिले, ते त्यांनी सेवाही करावी आणि स्वतःच्या पायावरही उभे राहावे म्हणून. इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोनने १८५९ साली, मृत पत्नीची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेस गरिबांच्या घरी पाठविले, तेही वेतन देऊनच. पगारामुळे त्या सेवेस बट्टा लागला नाही. उलट ती टिकली.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. पेठ-सुरगाण्याचे लोक आम्हांस परके नाहीत. दरसाल हंगामात ते घाट चढून येतात, द्राक्षबागांत राबतात, आमच्या इमारतींवर विटा वाहतात. त्यांच्या श्रमांवर हे शहर वाढले. तेव्हा त्यांच्या पाड्यावर परिचारिका पोहोचावी आणि तिच्या सोबतिणीस पोटभर वेतन मिळावे, हे आमचे औदार्य नव्हे. ते थकलेले देणे आहे. दान मागे ठेवता येते, देणे ठेवता येत नाही.

एवढे मोठे देणे एकट्यादुकट्याने कसे फेडावे, असे वाचक विचारतील. कर, कायदा, मतदान ही साधने आहेतच. परंतु आरंभ याहून लहान असू शकतो. एखादी आशा मध्यरात्री अडलेल्या बाईस घेऊन शहराच्या इस्पितळात येते, तेव्हा तिला बसावयास जागा द्यावी, आणि ती त्या बाईविषयी जे सांगू पाहते ते आधी ऐकून घ्यावे. शुश्रूषा या शब्दाने आपल्याकडे एवढेच मागितले होते.