विकणाऱ्याचा दोष कोठें संपतो?

आमच्या खेड्यांतील वाचकांस हें सांगावयास नको कीं, एका गांवानें दारूचा गुत्ता उठविला आणि ओढ्यापलीकडच्या गांवीं तो चालू राहिला, तर पिणारा मनुष्य ओढा ओलांडावयास फार दिवस लावीत नाहीं. पलीकडच्या गुत्तेवाल्यास कोणीं बोल लाविला, तर त्याचें उत्तर ठरलेलें असतें: “मीं न विकली तर दुसरा विकील, मग नफा मींच कां सोडावा?” हें उत्तर एका गुत्तेवाल्याच्या तोंडीं आपणांस कोडगेपणाचें वाटतें. परंतु राज्यें हेंच बोलूं लागलीं म्हणजे त्यास राजनीति असें नांव मिळतें. तें बोलणें कितपत खरें आहे, याचा विचार आम्ही अफूच्या इतिहासावरून करूं.

ईस्ट इंडिया कंपनीनें १७७३ सालीं बंगाल्यांतील अफूचा मक्ता आपल्या हातीं घेतला. पुढें माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाऊं लागली, आणि मुंबईच्या कित्येक पेढ्यांचा पैसा तिच्यावर वाढला. चीनच्या बादशहाची ह्या मालास बंदी होती. १८३९ सालीं त्याचा अधिकारी लिन झेशू यानें परदेशी व्यापाऱ्यांच्या २०,००० हून अधिक पेट्या ताब्यांत घेऊन ती अफू चुना व मीठ यांत कालवून नष्ट केली. ह्यावरून इंग्लंडनें युद्ध केलें, आणि १८४२ च्या तहांत चीनला हाँगकाँग बेट व मोठा दंड द्यावा लागला. ह्या व्यापाराच्या कैवाऱ्यांची सबब एकच होती: आपण सोडलें तर दुसरा घेईल, आणि आपलें उत्पन्न मात्र बुडेल.

ह्या सबबींत कांहींच तथ्य नव्हतें, असें आम्ही म्हणत नाहीं. खुद्द चीनमध्यें अफूचे मळे पिकत होते. इराण व तुर्कस्तान येथूनही अफू निघत असे. परंतु जो ‘दुसरा विकील’ असें म्हणतो, त्यास एक प्रश्न विचारावा: तो दुसरा थांबावयास तयार झाला, तर तूं थांबशील काय? ‘होय’ म्हणाला, तर त्याची अडचण खरी आहे, आणि तिला उपायही आहे. ‘नाहीं’ म्हणाला, तर ती अडचण नसून लोभ आहे.

हा प्रश्न १९०७ सालीं प्रत्यक्ष विचारला गेला. चीननें आपली लागवड दहा वर्षांत बंद करावी, आणि हिंदुस्थानांतून तिकडे जाणारी अफू १९०८ पासून दरसाल एकदशांशानें कमी व्हावी, असें ठरलें. १९१३ सालीं, मुदतीच्या आधींच, हिंदुस्थान सरकारनें चीनसाठीं अफू विकणें थांबविलें. मोठें उत्पन्न गेलें, पण राज्य बुडालें नाहीं. मध्यंतरीं १९०९ सालीं शांघाय येथें १३ राष्ट्रांचें कमिशन बसलें. त्याचे अध्यक्ष फिलिपाइन्सचे बिशप चार्ल्स ब्रेंट हे होते. त्या कामांतूनच २३ जानेवारी १९१२ रोजीं हेग येथें अफूविषयींचा पहिला सार्वराष्ट्रीय तह झाला. पुढें चीनमध्यें बंडाळी माजून लागवड पुन्हां वाढली, हेंही खरें आहे. करार म्हणजे मंत्र नव्हे. तथापि ‘शेजाऱ्याच्या नाशाशीं आमचा संबंध नाहीं’ असें उजळ माथ्यानें म्हणणें तेव्हांपासून राष्ट्रांस कठीण झालें.

१९६१ सालीं जुने तह एका तहांत गोंवले गेले. त्यांत दोन कर्तव्यें सांगितलीं आहेत: ह्या पदार्थांचा दुरुपयोग रोखावा, आणि वेदना शमविण्यासाठीं ते औषध म्हणून मिळावे. आजही मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथें परवानेदार शेतकरी सरकारसाठीं अफू पिकवितात, आणि अफूपासून मॉर्फिन काढतात. परंतु १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत इतकी वाढली कीं, कर्करोगानें तळमळणाऱ्या रोग्यांस तेंच मॉर्फिन मिळणें दुर्घट झालें. २०१४ सालीं कायद्यांत सुधारणा करावी लागली. विषाच्या भयानें औषधही नाकारणें, हा दुसऱ्या बाजूचा अन्याय होय.

शिवाय तहाचा हात घराच्या उंबऱ्याशीं थांबतो. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया एके काळीं तान्ह्या मुलांस निजविण्यासाठीं बाळागोळी देत, आणि तींत अफू असे. त्या आयांस दोष देणें सोपें होतें. कामाच्या वेळीं त्यांचें मूल कोण सांभाळील, हें पाहणें कठीण होतें. व्यसनी मनुष्यास शिक्षा सांगण्यापूर्वीं त्याची गरज कोणती, हें पाहणें आजही तितकेंच कठीण व तितकेंच अगत्याचें आहे.

आमचें मत असें आहे कीं, माल हातावेगळा झाला म्हणजे विकणाऱ्याचा दोष संपत नाहीं. तो मालाबरोबर चालत जातो, आणि जेथें घर बुडतें तेथवर पोंचतो. म्हणून आपल्या गांवांत बंदीचा ठराव येईल, तेव्हां वाचकांनीं शेजारच्या गांवांसही बोलवावें व सर्वांनीं एकाच दिवशीं ठराव करावा. आणि त्याच बैठकींत हेंही ठरवावें कीं, ज्यांचें व्यसन सुटावयाचें आहे त्यांच्या जवळ कोण बसेल.