खडा खरा, वय खोटं

पुतण्याचं साक्षगंध ठरलं अन् पारशिवनीच्या आमच्या घरात अंगठीचा प्रश्न उभा राहिला. होणाऱ्या सूनबाईंना जुन्या घडणीची, माणकाची अंगठी हवी होती. नागपूरला इतवारीच्या सराफ्यात गेलो. सराफाने अँटिक पॉलिश दिलेली कोरी अंगठी दाखवली. "माणिक अस्सल आहे जी!" म्हणजे खडा खरा, वय खोटं.

मी ऐटीत आजीची अंगठी पुढे केली. त्याने भिंग लावलं. "सोनं जुनंच आहे काकाजी, पण खडा भट्टीतला." ऑगस्त वेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणकाची रीत १९०२ साली जाहीर केली, त्याच जातीचा. म्हणजे वय खरं, खडा खोटा!

पुतण्या म्हणाला, "हीच देऊ. सांगायचं कशाला? आजोबांनी तरी कुठे सांगितलं?"

"बाबा रे, आजोबांना बहुधा ठाऊकच नव्हतं. आपल्याला आता ठाऊक आहे." खोटेपणा खड्यात नसतो, जाणून गप्प बसण्यात असतो.

शेवटी सूनबाईंना सांगितलं. त्यांनी हसून आजीचीच अंगठी पसंत केली.

आमची ही मात्र तेव्हापासून आधी स्वतःच्या अंगठीकडे आणि मग माझ्याकडे टक लावून बघते आहे.