सरावाची वर्षं

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर गर्दी असताना डोक्यावरून लढाऊ विमान गेलं, तरी लष्कर भागातला माणूस सहसा मान वर करत नाही. महाराजपूरचा हवाई तळ जवळ आहे आणि 1985पासून मिराज विमानांचा आवाज गावाच्या अंगवळणी पडला आहे.

वैमानिक भेटला की आपण विचारतो, "कुठल्या युद्धात होता?" मला हा प्रश्न अपुरा वाटतो. ग्वाल्हेरच्या मिराजनी शत्रूवर पहिल्यांदा बॉम्ब टाकले ते 1999मध्ये, कारगिलला. आधीची चौदा वर्षं सराव, पुन्हा सराव. त्या काळात उमेद खर्चून, शत्रूवर एकही बॉम्ब न टाकता जे निवृत्त झाले, त्यांचाही त्या युद्धात वाटा आहे असं मी मानतो.

कारण कारगिलमध्ये विचार करायला सवडच नव्हती. 26 मेला हवाई हल्ले सुरू झाले आणि तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गेलं. आता खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, उंचावरच राहायचं. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. आणि बॉम्बची वाट जिथे मैदानातल्यासारखी राहत नाही, अशा विरळ हवेत अरुंद कड्यावरचं ठाणं टिपायचं. लेझरच्या खुणेवर जाणारे बॉम्ब मिराजवर बसवून ते युद्धासाठी सज्ज करण्याचं काम जमिनीवरच्या तंत्रज्ञांनी काही आठवड्यांत उरकलं. जून महिन्यात मुंथो ढालोचा रसदीचा तळ उद्ध्वस्त झाला, 24 जूनला टायगर हिलवर अचूक मारा झाला. त्या दिवशी हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस स्वतः दोन आसनी मिराजमधून तो हल्ला पाहत होते. वय 58. कागदावरच्या अहवालावर त्यांना विसंबता आलं असतं. ते गेले, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे 2019मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यासाठीही मिराज इथूनच उडाली. डावपेच शिकवणारी हवाई दलाची 'टॅकडी' ही संस्थाही आता ग्वाल्हेरलाच आहे.

आणि सराव म्हणजे सुरक्षित काम, असा समज असेल तर 28 जानेवारी 2023 आठवावी. ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेलं एक मिराज आणि एक सुखोई कोसळलं. सुखोईचे दोघे वैमानिक बाहेर पडून वाचले. मिराज चालवणारे बेळगावचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. तेव्हा कुठलंही युद्ध चालू नव्हतं.