पाळत आणि पाखर

दुसऱ्याचें गुपित जाणून घेण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे, हा नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न आहे. परक्याचें पत्र फोडणें निंद्य होय, ही गोष्ट आपण सर्वजण मान्य करतों. परंतु तें पत्र आपल्याच पंधरा वर्षांच्या मुलाचें असेल, आणि त्यांत त्याच्या जिवावर बेतणारी कांहीं गोष्ट असल्याचा संशय असेल, तर? ज्या घरांत वयांत येणारी मुलें आहेत, त्या घरांतील आईबापांना हा प्रश्न ग्रंथांतून शिकावा लागत नाहीं. मुलाच्या खोलीचें दार आंतून लागूं लागलें, कीं तो आपोआप समोर उभा राहतो. दारू व मादक पदार्थ यांपासून मुलांना कसें राखावें, याविषयीं जी चर्चा चालते तिच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

याविषयीं दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, मुलाचें दप्तर तपासावें, त्याचा मोबाईल पाहावा, मित्रांची चौकशी करावी. पुढें पस्तावण्यापेक्षां आज थोडें कठोर झालेलें बरें. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करून वासनेला आवर घालतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. सुखाची ओढ लावणारा भाग मात्र त्याच्या पुष्कळ आधीं जागा होतो. अमेरिकेंत 1997 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें आढळलें, कीं वयाच्या 15 व्या वर्षापूर्वीं दारू पिऊं लागलेल्यांपैकीं सुमारें 40 टक्के लोक पुढें केव्हां ना केव्हां तिच्या अधीन झाले. 20 व्या वर्षीं किंवा त्यानंतर आरंभ करणाऱ्यांत हेंच प्रमाण सुमारें 10 टक्के होतें. लौकर आरंभ हेंच त्याचें एकमेव कारण, असें यावरून सिद्ध होत नाहीं. तथापि “पोरवय आहे, करील चार दिवस गंमत” असें म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनीं हे आंकडे लक्षांत ठेवावे. दुसरा पक्ष म्हणतो, विश्वास टाकल्यानेंच मनुष्य विश्वासास पात्र होतो; ज्या मुलावर चोराप्रमाणें पाळत ठेवावी, तें चोरी शिकलें तर नवल काय? हें म्हणणेंही अनुभवाला सोडून नाहीं.

परंतु आमच्या मतें दोन्ही पक्ष एका ठिकाणीं सारखेच चुकतात. मुलाचें व्यसन ओळखणें म्हणजे त्याच्याजवळ कांहीं तरी सांपडणें, असें दोघेही गृहीत धरतात. वाद काय तो शोधावें कीं शोधूं नये एवढाच. वस्तुस्थिति अशी, कीं झडतीनें फार थोडें कळतें. केंद्र सरकारच्या वतीनें झालेल्या व 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत एक विलक्षण गोष्ट दिसून आली. हुंगून नशा करण्याचे पदार्थ हा एकच वर्ग असा निघाला, कीं ज्याच्या सेवनाचें प्रमाण प्रौढांपेक्षां 10 ते 17 वर्षांच्या मुलांत अधिक होतें. हे पदार्थ कोणते? खाडाखोडीचें व्हाइटनर, पंक्चर काढण्याचें सोल्युशन, रंगांत घालावयाचें थिनर, पेट्रोल. दप्तरांत व्हाइटनरची बाटली सांपडली म्हणून काय सिद्ध झालें? ती तेथें असावयाचीच! आणि याच वाफेनें हृदयाचे ठोके बिघडून एखादें मूल एका खेपेंतही दगावूं शकतें. जी वस्तु झडतींत निरपराध ठरते, तीच प्राण घेते.

मग ओळखावें कशावरून? झोपेच्या वेळा उलटसुलट होणें, अन्नावरची वासना जाणें, जुने सोबती एकाएकीं सुटणें, पैशांचा हिशेब न लागणें, आवडत्या खेळावरून मन उडणें, डोळे लाल दिसणें, कपड्यांना रसायनाचा वास येणें, अशीं लक्षणें वैद्य सांगतात. परंतु यांतील बहुतेक लक्षणें निव्वळ त्या वयाचींही असतात, आणि कित्येक एखाद्या मनोव्यथेचीं असतात. एकट्या लक्षणावरून निवाडा करणारा बाप दहांपैकीं नऊ वेळां निरपराध्यास दुखवील. अनेक लक्षणें एकत्र येऊन टिकून राहिलीं, आणि मूल पूर्वीं होतें तसें राहिलें नाहीं, म्हणजे सावध व्हावें. आतां, मूल पूर्वीं कसें होतें हें ज्याला ठाऊकच नाहीं, त्याला तें बदललें हें कसें कळावें? रोज एका पंगतीला बसून ज्यानें दोन शब्द ऐकून घेतले आहेत, त्याच्या ध्यानांत जें सहज येतें, तें वर्षभर गुणपत्रिकेवर सही करण्यापुरतेंच भेटणाऱ्याला दप्तर उलटें करूनही दिसत नाहीं.

दुसरें असें, कीं व्यसनाचा दोष आपण सर्वस्वीं वाईट संगतीच्या माथीं मारतों. गडकऱ्यांच्या “एकच प्याला” नाटकांतील सुधाकर पहिला प्याला उचलतो तो चैनीखातर नव्हे. वकिलीवर आलेल्या गंडांतराचें व अपमानाचें दुःख विसरण्यासाठीं. तळीराम निमित्त होतो, पण त्याला वाट करून देणारी जखम आधींच झालेली असते. परीक्षेंतील अपयश, वर्गांतील कुचेष्टा, घरांतील रोजचें भांडण, या जखमा मोठ्यांस क्षुल्लक वाटतात. सोळाव्या वर्षीं त्या तशा नसतात. म्हणून “तुला हें कोणीं शिकवलें?” या प्रश्नाच्या आधीं “तुला काय बोचत होतें?” हा प्रश्न आला पाहिजे.

येथें कोणी म्हणेल, कीं असें मवाळ बोलून मुलें शेफारतात, धाक हवाच. मर्यादा हवीच, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. रात्रीं किती वाजतां परत यावें, कोठें व कोणाबरोबर जावें, याचे नियम घरांत स्पष्ट असावे व ते पाळले जावे. परंतु नियम निराळा आणि दहशत निराळी. दहशतीनें व्यसन थांबत नाहीं. कबुली मात्र थांबते. प्रत्यक्ष कायद्यानें हें ओळखलें आहे. मादक पदार्थांविषयींचा 1985 चा कायदा कठोर म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच्याही 64-अ या कलमांत, अल्प प्रमाणांतील गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन मान्य संस्थेंत उपचार घेईल तर त्याला खटल्यापासून मोकळीक ठेवली आहे. पुण्यांत 1986 सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं “मुक्तांगण” उभें केलें, त्याच्याही मुळाशीं व्यसनी हा रोगी आहे हीच दृष्टि होती. न्यायासनाला जी सवलत परवडते, ती आईबापांना परवडूं नये काय?

आतां एक अप्रिय गोष्ट. बैठकीसाठीं बर्फ आणि शेंगदाणे आणून देणारा मुलगा बापाचें भाषण ऐकत नसतो. तो बापाचा हात पाहत असतो. मग पिणाऱ्या बापानें बोलूंच नये काय? आमच्या मतें त्यानेंच अधिक बोलावें. पण खरें बोलावें. “मला हें सोडतां आलें नाहीं, आणि त्याची किंमत तुझ्या आईनें दिली आहे”, हें एक वाक्य शंभर उपदेशांहून मोलाचें आहे. मुलाला ढोंगाचा तिटकारा असतो; दुर्बलतेची कबुली तें समजूं शकतें.

तेव्हां मूळ प्रश्नाचें आमचें उत्तर असें. केवळ कुतूहलानें किंवा स्वतःच्या मनाच्या शांतीसाठीं मुलाचें गुपित फोडण्याचा अधिकार आईबापांस नाहीं. धोक्याचें सबळ चिन्ह दिसल्यास तो आहे. पण तो मुलाच्या देखत, कारण सांगून वापरावा, आणि जें आढळेल त्याचा उपयोग शिक्षेसाठीं न करतां उपचारासाठीं करावा. सरकारची 14446 ही विनामूल्य दूरध्वनिसेवा याच कामासाठीं आहे. आणि मूल हांका मारूनही जागें होत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, तर सारें तत्त्वज्ञान बाजूस ठेवून त्याला कुशीवर वळवावें, 108 वर रुग्णवाहिका बोलवावी, आणि काय घेतलें असल्याचा संशय आहे तें डॉक्टरांपासून लपवूं नये. अब्रूच्या भीतीनें त्या घटकेला जो वेळ जातो, तो परत मिळत नाहीं.

इतकें करूनही कांहीं मुलें वाहवतात, हें आम्ही जाणतों. अशा आईबापांकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पाळत ठेवणारा दारापाशीं उभा असतो, आणि मूल त्याला चुकवून जातें. पाखर घालणाराही दारापाशींच उभा असतो. पण मध्यरात्रीं घाबरलेलें मूल, “बाबा, माझ्या हातून कांहीं तरी झालें आहे”, असें सांगावयास त्याच्याकडेच येतें. तें आलें, तर त्या रात्रीं आपण पहिला शब्द कोणता उच्चारणार, याचा विचार प्रत्येक बापानें आजच करून ठेवावा.