न दिसणारा कण आणि नदीखालचें गांव

आपल्या हातून झालेलें नुकसान डोळ्यांस दिसतच नाहीं इतकें बारीक असेल, तर त्याचा दोष आपणांवर येतो काय? प्रिय वाचकहो, हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय आहे असें समजूं नका. मळवलीच्या नदीकाठीं धुणें धुतांना तो आपणांपुढें उभा राहतो.

लोणावळ्यानजीक कुरवंडे येथें उगम पावलेली इंद्रायणी मळवलीजवळून कामशेत, देहू, आळंदी अशी वाहत तुळापुरास भीमेस मिळते. भीमा उजनीच्या जलाशयांतून पुढें कृष्णेस व कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. आपल्या काठीं पाण्यांत पडलेली वस्तु एवढी यात्रा करूं शकते.

प्लॅस्टिक मातीसारखें कुजून जात नाहीं. ऊन, पाणी व दगड ह्यांनीं त्याचे तुकडे होतात आणि तुकड्यांचा भुगा होतो. पांच मिलिमीटरांहून लहान कणांस शास्त्रज्ञ सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. पावसाळ्यांत भाज्याचा धबधबा व लोहगड पाहावयास येणारे लोक बाटल्या टाकून जातात, त्या निदान दिसतात तरी. पण पॉलिएस्टरची साडी धुतली असतां तिचे तंतु झडतात, ते दिसत नाहींत. इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं असें दाखविलें कीं, ॲक्रिलिकचे सहा किलो कपडे यंत्रांत एकदां धुतल्यानें सात लाखांहून अधिक तंतु सुटूं शकतात. मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर मोटारींचे टायर झिजून जी धूळ होते, तीही पावसाबरोबर ओढ्यांत उतरते. हे कण मासे अन्नाबरोबर गिळतात. हॉलंडांत २२ मनुष्यांचें रक्त तपासलें, तेव्हां १७ जणांच्या रक्तांत प्लॅस्टिक सांपडलें. हा शोध २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें शरीरास काय अपाय होतो ह्याचा तपास अजून चालू आहे.

कोणी म्हणेल, माझ्या एका पातळानें देहूच्या माशाचें काय बिघडतें? हें बोलणें प्रत्येकाच्या तोंडीं खरें आणि सर्वांचें मिळून खोटें आहे. खळ्यावर इंद्रायणी भाताची रास पडली आहे (हें वाण आपल्याच वडगांव मावळच्या संशोधन केंद्राचें), आणि येणाऱ्याजाणाऱ्यानें तींतून एकेक मूठ उचलली, तर कोणत्याही एका मुठीनें शेतकरी बुडत नाहीं. तरी सायंकाळीं रास नाहींशी होते. मग चोर कोणीच नाहीं काय? आमच्या मतें प्रत्येक जण एका मुठीचा चोर आहेच. बांध कोरला तर शेजारी दाराशीं येऊन भांडतो. येथें ज्याचें नुकसान झालें त्याला आपलें नांवही ठाऊक नाहीं, एवढाच भेद.

परंतु सर्वांस सारखाच दोष लावणें हाही अन्यायच. सुती लुगडें परवडत नाहीं म्हणून जी बाई पॉलिएस्टर नेसते, तिला मोटारींतून बाटली भिरकावणाऱ्या सहलकऱ्याच्या किंवा लाखों बाटल्या विकून त्या परत न घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पंक्तीस बसविणें आम्हांस मान्य नाहीं. तिला दुसरा मार्ग नव्हता, त्यांना होता. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, व १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून टाकावयाच्या कित्येक वस्तु देशभर बंद झाल्या. पण कायदा पिशवीस पकडतो, तंतूस पकडीत नाहीं.

कित्येक घरीं पिशव्या चुलींत जाळतात व त्यांचा निकाल लागला असें मानतात. त्यांचा विषारी धूर प्रथम घरच्या लेकरांच्याच छातींत जातो. त्या गोळा करून ग्रामपंचायतीच्या गाडींत द्याव्या. आणि गाडी येत नसेल, तर ग्रामसभेंत उभें राहून ती कां येत नाहीं तें विचारावें.